ताळा जमला होता

माझ्या नाकावर राग असतो. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते आणि तिथले ट्रकवाले माझ्या पाठीमागं मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. म्हणू देत. बाईमाणूस दोन शब्द चढून बोललं नाही, तर गेटवरचा वॉचमनसुद्धा रजिस्टर पुढं करत नाही. रागाबद्दल मला कधी वाईट वाटलं नव्हतं. पण त्याच रागापायी माझे वडील वेळेवर दवाखान्यात पोचले नाहीत, आणि तो दोष मी त्यांच्या गणितावर जाऊ दिला. आता लपवून करायचंय काय? लिहून टाकते.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. फर्दापूरच्या बाजूला एका शाळेत ते गणिताचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर ते आणि माय माझ्याकडं राहायला आले. माझा संसार दोन वर्षांत मोडलेला, लेकरूबाळ नाही, त्यामुळं घरात आम्ही तिघंच. घर माझ्या नावावर, आवाजही माझाच मोठा. मी चिडले की माय स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी निवडत बसायची आणि अण्णा पेन घेऊन बसायचे.

पेन कशाला, तर आकड्यांसाठी. गॅसच्या पुस्तकावरचा नंबर असो, विजेच्या बिलावरचा असो, लांबलचक आकडा दिसला की त्यांचं तोंडातल्या तोंडात सुरू. हा तिनानं जातो, ह्याला सात लागत नाही, ह्यो एकदम मूळचा दिसतोय, मोडतच नाय कशानं. माय म्हणायची, "दुसऱ्याचे नवरे पत्ते खेळतात, ह्यांचं आपलं हे." पण त्या आकड्यांत अण्णांना खरंच माणसांसारखे स्वभाव दिसायचे. एखाद्याला ते गरीब म्हणायचे, एखाद्याला आडमुठा.

त्यांचा सगळ्यात मोठा भरवसा नवाच्या ताळ्यावर. हल्ली शाळेत शिकवतात की नाही कोण जाणे, म्हणून सांगते. आकड्यातले सगळे अंक मिळवायचे. जे येईल त्याचे अंक पुन्हा मिळवायचे, एकच अंक उरेपर्यंत. तो उरलेला अंक म्हणजे मूळ आकड्याला नवानं भागल्यावर राहणारी बाकी, आणि नऊच उरला तर बाकी शून्य. आकडा केवढाही असू द्या. दहाला नवानं भागलं की एक उरतो, शंभराला एक, कोटीलाही एकच, म्हणून कुठला अंक कुठल्या घरात बसलाय ह्याची नवाला पर्वाच नसते. मोठा गुणाकार केला की अण्णा पोरांना सांगायचे, "ताळा घ्या. चुकला तर उत्तर नक्की चूक. जमला तर बहुधा बरोबर." हा 'बहुधा' मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलाय. घरी वापरताना मात्र आम्ही दोघंही तो शब्द गाळायचो.

अजून एक सवय त्यांनी मला लावली. आम्ही बौद्ध. अण्णांच्या लहानपणी हजेरी घेताना मास्तर त्यांच्या आडनावापाशी जरा थांबायचे, आणि पोरं मागं वळून बघायची. बोर्डाच्या परीक्षेला त्यांना पहिल्यांदा नुसता नंबर मिळाला. गणितात त्यांचे दोनच मार्क गेले. "तपासणाऱ्याला काय ठावं, कुणाचं लेकरू हाय?" हे सांगताना म्हातारपणीसुद्धा त्यांचा चेहरा खुलायचा. आकड्याला आडनाव नसतं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणून खिडकीवर गेलं की आधी नंबर सांगायचा, नाव विचारलं तरच, अन् आडनाव त्याच्याही नंतर. मला तर कुणी नाव विचारलं की अजूनही डोक्यात तिडीक जाते. खोली भाड्यानं बघत फिरले होते तेव्हा नाव सांगितल्यावर तीन ठिकाणी खोली "आत्ताच गेली" होती. असो.

तर त्या वर्षी मार्चमध्ये अण्णांच्या जबड्याखाली गाठ आली. बोराएवढी, दुखत नव्हती. जालना रोडवरच्या एका खासगी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि म्हणाले, आठ-दहा दिवसांनी फोन करा, काही निघालं तर लगेच या, नाही निघालं तर घाई नाही. मेसेजही येईल म्हणाले होते. तो अण्णांच्या बंद पडलेल्या सिमवर गेला असणार. हातात राहिली ती मशीनमधून निघालेली गुळगुळीत पावती, आणि तिच्यावर तेरा आकडी नंबर : ४००३१७२८५९६१३.

अण्णा रिक्षातच खूश. "लई लांब हाय गं. शेवटी तीन, म्हणजे दोन नाय, पाच नाय." गळ्याला पट्टी, आणि अण्णा नंबराची पारख करतायत! मी हसले तेव्हा.

ह्या पावत्यांवरची शाई आमच्याकडच्या उन्हात टिकत नाही. खिडकीपाशी ठेवली तर आठवड्यात कागद कोरा. म्हणून महत्त्वाचा नंबर लोखंडी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवायचा, ही आमच्या घरची रीत. बँकेचे, गॅसचे, पेन्शनचे, सगळे तिथं. मी म्हणाले, फोनमध्ये फोटो काढते. अण्णा म्हणाले, "फोनमधला फोटो कुणाला परत घावलाय?" तेही खरंच होतं. कामावरून आलेली, पाय भरून आलेले, तशीच उभी राहून मी नंबर उतरवला. उतरवताना आठ-पाचाच्या जागी पाच-आठ लिहिला : ४००३१७२५८९६१३.

मग अण्णा आले. पावती नाकाशी धरून त्यांनी मोठ्यानं अंक मिळवले. "सतरा, पंचवीस, तीस, एकोणचाळीस..." शेवटी एकोणपन्नास. चार नऊ तेरा, एक तीन चार. मग कपाटाकडं वळून पुन्हा तेच. एकोणपन्नास, तेरा, चार. मध्ये एका जागी पंचवीसऐवजी ते बावीस म्हणाले असणार. माझं लक्ष नव्हतं, मी चहा टाकत होते, आणि त्यांचं लक्ष शेवटाकडं. "जमला," ते म्हणाले आणि कपाट लावलं.

दहा दिवसांनी रविवार होता आणि नळाला पाणी आलं होतं. आमच्याकडं पाणी आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा, आणि आलं की तास-दीड तास. त्या वेळेत घरातलं सगळं भरून घ्यायचं असतं. अण्णा गच्चीवर टाकीचा कॉक धरून, माय हंडे सरकवतेय, मी पाईप घेऊन. तेवढ्यात मला दवाखान्याची आठवण झाली. हात ओले म्हणून फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला. किती वेळ नुसतं संगीत वाजत राहिलं. शेवटी एक मुलगी बोलली. मी कपाटाचं दार उघडून तेरा आकडे धाडधाड वाचले.

"पेशंटचं नाव सांगा मॅडम."

"नाव कशाला? नंबर दिलाय ना पूर्ण?"

"नाव जुळवून घ्यावं लागतं मॅडम."

"काय जुळवता? तेरा आकडी नंबर दोघांना देता काय तुम्ही? हिथं पाणी चाललंय माझं. नंबर टाका आणि काय आलंय ते सांगा, नायतर साहेबाला द्या फोन!"

ती मुलगी नवीन असावी. बटणांचा आवाज आला. मग म्हणाली, "नॉर्मल आहे मॅडम."

"झालं ना मग," मी म्हणाले आणि फोन बंद केला. माय हंड्याला हात लावून माझ्याकडं बघत उभी होती. "काय बघतीस? भरला तो, सरकव," मी तिच्यावरही खेकसले. ती नॉर्मलची तपासणी कुणाची होती ते मला आजतागायत माहीत नाही. आमच्या नंबराच्या दोन लाख सत्तर हजार मागचा नंबर, कुणाचा तरी जुना.

अण्णा खाली आले. मी सांगितलं, नॉर्मल. त्यांनी गळ्यावरून हात फिरवला आणि त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

गाठ काही गेली नाही. मे महिन्यात ती लिंबाएवढी झाली. माय म्हणायची, दाखवून आणू. अण्णा म्हणायचे, "नॉर्मल हाय म्हणलेत ना, मग कामून पैसे घालायचे?" आणि मी, मी काय म्हणत होते? मी म्हणत होते, "रिपोर्ट आलाय, आता उगाच बाऊ करू नका." जुलैत त्यांचा आवाज बसला. घास गिळताना ते डोळे मिटून घ्यायला लागले, तेव्हा मी अर्धा दिवस रजा टाकून त्यांना घेऊन गेले.

ह्या वेळी डॉक्टरांनी स्वतःच नाव टाकून रिपोर्ट काढला. पडद्यावरची तारीख त्यांनी दोनदा वाचली. मग मला म्हणाले, "चार महिने कुठं होता तुम्ही?"

कॅन्सर होता. मार्चमध्येच निघालेला. तेव्हा ऑपरेशन करण्यासारखं होतं, आता पसरलंय, असं त्यांनी सांगितलं, तेही अण्णांच्या समोरच. मी भांडायला तोंड उघडलं. म्हणाले, तुमच्याच माणसांनी नॉर्मल सांगितलं फोनवर! डॉक्टरांनी विचारलं, कुठला नंबर दिला होता? अण्णांनी माझा दंड धरला आणि बसलेल्या आवाजात म्हणाले, "खरा नंबर लिहून द्या जरा कागदावर."

घरी आल्यावर ते चपला न काढताच कपाटापाशी गेले. एक नंबर कपाटावर, एक हातात. त्यांनी बोटानं एकेक अंक लावून बघितला आणि आठ-पाचापाशी थांबले. मी म्हणाले, "माझ्याच हातून उलटं पडलं, अण्णा." ते म्हणाले, "लिहिणाऱ्याच्या हातून पडतंच. तपासणारा कशाला असतो मग?"

त्यांना भरती केलं. दुपारी मी डबा घेऊन जायचे तर ते उशाला कागद घेऊन बसलेले असायचे. त्यांनी वजाबाकी केली होती. दोन आकड्यांतला फरक सत्तावीस आणि पुढं चार शून्यं. "हे बघ," ते म्हणाले. "शेजारचे दोन अंक उलटे झाले की फरक कायम नवाच्या पाढ्यातच बसतो. म्हणून नवाला ते दिसतच नाय. दोन्हीची बाकी चारच." मग त्यांनी अकराचा ताळा घेतलेला दाखवला. त्यात उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, असं शेवटपर्यंत. खऱ्या नंबराचे चार उरत होते, माझ्या नंबराचे दहा. सातानं बघितलं तर चार आणि एक. तेरानं बघितलं तर पाच आणि दोन. "सातानं धरलं असतं, अकरानं धरलं असतं, तेरानं धरलं असतं. एकटा नऊ आंधळा, अन् मी त्याच्याच हातात काठी दिली." अकराचा ताळा ते स्वतः वर्गात शिकवायचे. लई वेळ जातो म्हणून घरी कधी घेत नव्हते.

"आणि खरा नंबर बघ की गं," ते म्हणाले. "सातानं चार, नवानं चार, अकरानं चार. तिघांनी एकच सांगितलं. लई सरळ आकडा होता." आणि ते रडले. मी त्यांना त्याआधी रडताना बघितलं नव्हतं.

तेव्हा मी सांगायला हवं होतं. अण्णा, ताळ्याचं राहू द्या, त्या पोरीनं नाव विचारलं होतं, मी सांगितलं नाही. एवढंच तर वाक्य. रोज डबा घेऊन जाताना रिक्षात मी ते जुळवायचे आणि त्यांच्या कॉटपाशी गेले की नुसता डबा उघडून वाढायला लागायचे. ट्रकवाल्यांवर ओरडणारी मी! मला स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटली की मी नर्सवर चिडायचे.

त्यांचे जुने विद्यार्थी भेटायला यायचे. एक तलाठी, एक बस कंडक्टर, एक वेरूळला हॉटेल चालवणारा, केस पिकलेली माणसं. अण्णा प्रत्येकाला कागद दाखवायचे. "तुमच्या मास्तराचा ताळा चुकला रं. पोरांना आता नवाचा एकटा सांगू नका, अकराचा बी सांगा." ती माणसं खाली मान घालून ऐकायची. कंडक्टर म्हणाला, "सर, तुमच्या ताळ्यानंच आम्ही माणसात आलो." अण्णांनी मान हलवली. "चूक ती चूकच." मी शेजारी बसून मोसंबी सोलत होते, आणि ते आपल्याच विद्यार्थ्यांसमोर माझा गुन्हा कबूल करत होते. सालं पिशवीत भरली आणि टाकायच्या निमित्तानं बाहेर गेले.

आवाज पार जायच्या आधीची गोष्ट. मी आणि माय दोघी होतो. मायनं पातळ खिचडी आणली होती, ती त्यांच्यानं गिळवली नाही. मग ते माझ्याकडं वळले. शब्द घोगरे, पण नीट ऐकू येत होते.

"एक सांग. एवढा मोठा दवाखाना. त्यांचं काम काय एका नंबरावर चालत नसंल. त्यांचा बी कायतरी ताळा असंल की. नंबर अन् नाव, दोन्ही जुळलं तरच सांगायचं, असं." ते थांबले, श्वास घेतला. "फोनवर तुला नाव नाय विचारलं?"

त्यांनी ते गणितानंच शोधून काढलं होतं. दुसरा ताळा कुठंतरी असलाच पाहिजे, हे त्यांना कळत होतं. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल संशय नव्हता. उदाहरणात एक पायरी सापडत नाही म्हणून ते विचारत होते.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मायकडं बघितलं. "तू व्हतीस ना तिथं?"

मायच्या हातात डब्याचं झाकण होतं. ते तिनं दाबून बसवलं. "व्हते की. नाय विचारलं."

"मग दुसरा ताळाच नव्हता," अण्णा म्हणाले. "समदं माझ्यावरच व्हतं." आणि कागदाची घडी करून त्यांनी ती माझ्या हातात दिली.

त्यानंतर ते नऊ दिवस होते. बोलले फारसं नाहीत, कुणाला कागदही दाखवला नाही. गेले तेव्हा सकाळ होती, वॉर्डात झाडलोट चालली होती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहारात झाला. कंडक्टर बोलला, तलाठी बोलला, सगळ्यांनी अण्णांच्या गणिताची आठवण काढली आणि त्यांच्या प्रामाणिकपणाची. स्वतःची चूक मरताना सांगून गेले, असा माणूस होणे नाही, असं एक जण म्हणाला. लोकांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, उठून उभं राहावं आणि सांगावं. मी बसूनच राहिले.

घरी आलो. पाहुणे गेले. माय सतरंज्या गोळा करत होती, मी दुसरं टोक धरलं. मला राहवलं नाही. इतके दिवस मला वाटत होतं, तिनं ते माझ्यावरच्या मायेपोटी केलं. लेकीला वाचवलं. त्या एका गोष्टीचा मला आधार होता, खोटं कशाला बोलू. निदान माय माझ्या बाजूनं आहे, असं धरून मी ते नऊ दिवस काढले होते.

"माय," मी म्हणाले, "तू कामून खोटं बोललीस त्यांच्यासमोर?"

तिनं सतरंजीची घडी घातली, वरून हात फिरवला. माझ्याकडं बघितलं नाही.

"ते तर चाललेच व्हते," ती म्हणाली. "मला तुझ्याच घरात ऱ्हायचं हाय."